एकच गुडघा

सुमे, काल तू घाईत होतीस. मागे शाळेची घंटा वाजत होती, पोरांचा कालवा चालला होता. म्हणून मी नुसतं "गुडघ्याचा एक्स-रे काढायला सांग" म्हटलं आणि तू "बरं ताई" म्हणून फोन ठेवलास. तुझं ते "बरं ताई" मी जन्मभर ऐकतेय. आईने शेपूची भाजी वाढली तरी तू असंच "बरं" म्हणायचीस आणि भाजी ताटाखाली जायची. म्हणून आज रविवारची कामं आवरून, चहा घेऊन निवांत बसलेय. जरा लांबेल. पण एकदा नीट सांगून टाकते, मग तू हवं तर पुन्हा "बरं" म्हण.

तुझी ती सातवीतली खो-खोवाली पोर. दीड महिना झाला, गुडघा दुखतोय, डावाच. खेळताना पडली होती म्हणून सगळ्यांनी मुका मार धरलाय. आई रोज रात्री कोमट तेलाने चोळते, आजीने आंबेहळदीचा लेप घालून झाला, आणि आता शेजारच्या गावात हाडं बसवणाऱ्याकडे न्यायचं घाटतंय. तू मला म्हणालीस, "वाढीचं वय आहे ताई, असेल तसंच काही." असेलही. बहुतेक वेळा तसंच असतं. शंभर पोरांचे गुडघे दुखले तर शंभरही वेळा मुका मार, मुरगळा नाही तर वाढीचं दुखणंच निघतं. मी बोलतेय ते शंभरात नाही, हजारातही नाही. तरी बोलतेय. का, ते माझ्या कामापासूनच सांगावं लागेल.

ताई कॅन्सरच्या दवाखान्यात कामाला आहे असं तू सासरी सांगतेस. मी दवाखान्यात नाही गं, नोंदणीत. शहरात कुणाला कॅन्सर निघाला की त्याची एक ओळ आमच्याकडे लिहिली जाते. वय, बाई की पुरुष, राहायला कुठे, कुठल्या अवयवाचा, पेशी कुठल्या जातीच्या, आणि पुढे माणूस आहे की गेला. आमची माणसं दवाखान्यांत, लॅबमध्ये, पालिकेच्या मृत्यूनोंदीत फिरून हे उतरवून आणतात. मुंबईची ही नोंदणी १९६३ सालची, देशातली पहिली. प्रत्येक अवयवाला एक नंबर ठरलेला. हातापायांची हाडं आणि सांध्यांतली कूर्चा यांचा कॅन्सर म्हणजे सी ४०. मांडी आणि नडगीची लांब हाडं ४०.२, दंडाची-हाताची ४०.०. कवटी, मणका, बरगड्या, कंबरेचं हाड हे सगळं पुढच्या खणात, सी ४१. झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन.

तोंड, स्तन, गर्भाशयाचं मुख, फुफ्फुस यांच्या गठ्ठ्यांत सी ४० चा कागद कधीमधी येतो. आला की माझी नजर आधी वयाच्या रकान्यात जाते. बाकीच्या कागदांवर ५२, ६१, ४८. इथे १४. इथे १६. इथे ११.

आता गणित तूच कर, शिकवतेस ना? हाडातच उगवणाऱ्या कॅन्सरांपैकी पोरांमध्ये सगळ्यांत जास्त दिसतो तो ऑस्टिओसार्कोमा. ढोबळ हिशेब म्हणजे दर १० लाख माणसांमागे वर्षाला तीन-चार. २०११ च्या जनगणनेत आपलं राज्य ११ कोटी २४ लाखांचं. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात वर्षाला साडेतीनशे-चारशेच्या घरात. तुझ्या तालुक्याच्या वाट्याला वर्षाकाठी एखादा, आणि तोही कुठल्या वाडीवरचा, कुठल्या दवाखान्यात जाईल, काय नेम. तालुक्याला तीस वर्षं बसलेला, चांगला हुशार डॉक्टरसुद्धा आयुष्यात असे दोन-चार बघणार. मधे दहा-दहा वर्षं एकही नाही. तंबाखूने झालेला तोंडाचा कॅन्सर गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो, कारण प्रत्येक आळीत एक जण गेलेला असतो. याची मात्र गावाला आठवणच नसते. थोडे असतात म्हणून ओळखीचे होत नाहीत, आणि ओळखीचे नाहीत म्हणून उशिरा सापडतात. एवढंच माझं म्हणणं आहे बघ, बाकी सगळं त्याचंच पाल्हाळ.

आणि त्यात डॉक्टरांना, आयांना नावं ठेवायला मी कोण? ऐक. हे मी तुझ्या दाजींनाही पुरतं सांगितलेलं नाही.

आम्ही चाळीत होतो तेव्हा खालच्या मजल्यावर एक मुलगा होता. नववीत. दिवसभर गल्लीत क्रिकेट. एकदा दारात येऊन म्हणाला, "मावशी, ते दुखण्यावरचं मलम आहे का? मांडी ठणकतेय, गुडघ्याच्या वर." मी दिलं. वर ऐकवलं, "खेळ कमी कर." पंधरा दिवसांनी पुन्हा आला, ट्यूबच घेऊन गेला. महिन्याने जिन्यावर कठडा धरून चढताना दिसला तर मी म्हटलं, "सहामाही जवळ आली वाटतं, लंगडायला लागलास ते!" तो हसला. सुमे, त्याच आठवड्यात मी टेबलावर सी ४०.२ चे दोन कागद भरले होते. दोन. एक पंधरा वर्षांचा, एक तेरा वर्षांची. आणि घरी येऊन शेजारच्या पोराला मलम.

चौथ्या महिन्यात तो पायरीवरून नुसता घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. एवढ्याशा घसरण्याने धडधाकट पोराचं मांडीचं हाड मोडत नाही. पण जिथे नेलं तिथे कुणाला शंका आली नाही, फ्रॅक्चर समजून आत सळई ठोकली. सळई गाठीतून आरपार जाते आणि त्या पेशी हाडभर पसरवते. पुढे परळला टाटा हॉस्पिटलात पोचले तेव्हा पाय खुब्यापासून काढावा लागला. पोरगा वाचला. आज मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, मला अजून मावशी म्हणतो, माझ्या मोबाईलची काच बदलली तर पैसे घेत नाही. त्याचा कागद माझ्याच टेबलावर आला होता. नाव वाचलं, वय लिहिलं, पेशींचा नंबर ९१८०/३ लिहायचा होता तो तीनदा चुकला. साहेबांनी परत पाठवला. म्हणाले, "तुमच्याकडून ही चूक?"

म्हणून उद्या मधल्या सुट्टीत त्या पोरीला बाजूला घे आणि विचार. दुखणं एकाच पायात आहे का? एकाच जागी? पहिल्यापेक्षा वाढतंय की कमी-जास्त होतंय? बसून असताना, झोपल्यावर, रात्री दुखून जाग येते का? सकाळी उठताना पाय टेकवतो का? वाढीच्या दुखण्यानेही पोरं रात्री रडतात हे खरं. आपला बंड्या नव्हता का रडत! पण ते साधारण दोन्ही पायांत असतं, पोटऱ्यांत-मांड्यांत. चोळलं की बरं वाटतं, आणि सकाळी पोर उड्या मारत शाळेला जातं. सूज नसते, लंगडणं नसतं. हाडाच्या कॅन्सरात उलट असतं. एकच गुडघा, तीच जागा, आठवड्यागणिक जास्त, आणि हात लावला तर एका बाजूला टणक, जरा कोमट सूज. दोन्ही गुडघे शेजारी ठेवून बघ, फरक डोळ्यांनाच दिसतो. तू बाई आहेस, शिक्षिका आहेस, तुला ती सलवार वर करून दाखवील. आईला कदाचित सांगितलंही नसेल, खो-खोच्या टीममधून नाव काढतील म्हणून.

यातलं एक जरी जुळलं तरी एक्स-रे. एमआरआय नको, रक्ताच्या दहा तपासण्या नकोत, आधी साधा एक्स-रे. समोरून एक आणि बाजूने एक, असे दोन. एकाच बाजूने काढलेल्यात लपून जातं. आणि नुसत्या वाटीचा नको, मांडी आणि नडगीचं हाड वीतभर तरी दिसायला हवं. ग्रामीण रुग्णालयात होईल, बाहेर काढला तरी काही शे रुपयांचं काम. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. खुब्यातलं दुखणंही पोरांना पुष्कळदा गुडघ्यातच जाणवतं. गुडघा स्वच्छ निघाला तर खुबा बघायला सांग. आणि सगळं स्वच्छ निघूनही महिन्याने दुखतच असेल तर पुन्हा काढायचा. "एकदा काढला की" म्हणून सोडायचं नाही.

तोवर चोळणं बंद. आईला रागावू नकोस, ती लेकराला हात लावते त्यात तिचंही समाधान असतं. नुसता हात फिरव म्हणावं, रगडायचं नाही. हाडं बसवणाऱ्याकडे तर नाहीच. त्यांचं निखळलेल्या सांध्यांचं कसब मी नाकारत नाही, आपल्या अण्णांचा खांदा त्यांनीच बसवला होता. पण आतून पोखरलेल्या हाडाला हिसका दिला तर ते मोडेल. आणि बिब्बा, डाग काही घालू देऊ नकोस. उद्या शस्त्रक्रिया करायची झाली तर नेमकी तीच कातडी धड लागते.

पडल्यामुळे होतं का, हे विचारशील. नाही होत. पडल्यामुळे लक्ष जातं, एवढंच. आधीच दुखऱ्या पायाने पोरं पडतात, आणि घरचे त्या पडण्यापासून दिवस मोजायला लागतात. कॅनडाचा तो टेरी फॉक्स, ज्याच्या नावाने मुंबईतही दौड होत आली आहे, तोही बास्केटबॉल खेळणारा. गुडघा दुखत होता तर खेळाचं दुखणं म्हणून त्याने हंगाम संपेपर्यंत काढलं. १९७७ मध्ये निदान झालं, वय १८, उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. १९८० मध्ये कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, मग फुफ्फुसात गाठी निघाल्या. पुढच्या वर्षी गेला. त्या काळची ती गोष्ट आहे हे मात्र पोरांना सांगताना विसरू नकोस, आज चित्र बरंच बदललंय.

हाड सगळ्यांत वेगाने वाढतं कुठे? गुडघ्याच्या वर आणि खाली. आणि केव्हा? पोर एका वर्षात पँटीबाहेर जातं तेव्हा. तिथेच आणि तेव्हाच हा आजार जास्त होतो. मुली आधी उंच होतात म्हणून त्यांच्यात जरा आधी. कुणी काय खाल्लं, काय पाप केलं, ग्रहणात काय कापलं, याचा काही संबंध नाही. बहुतेकांच्या घराण्यात कुणालाच नसतो. एक अपवाद सांगून ठेवते. लहानपणी डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर झालेली काही पोरं असतात. बाहुलीत मांजरासारखं पांढरं चमकतं ना, ते. त्यातला जो जन्मजात प्रकार असतो, तो झालेल्यांना मोठेपणी हाडाच्या कॅन्सरची भीती इतरांपेक्षा जास्त असते. असं एखादं पोर तुझ्या शाळेत असेल तर त्याच्या पायदुखीला पहिला नंबर.

तुझ्या सासूबाई लगेच म्हणतील, आमच्या भावकीतल्या नानांना हाडाचा कॅन्सर होता, ते दोन महिन्यांत गेले. तो हा नव्हे. म्हाताऱ्या माणसाच्या हाडात कॅन्सर निघाला तर तो बहुतेक वेळा दुसरीकडचा, प्रोस्टेटचा, स्तनाचा, फुफ्फुसाचा, हाडात उतरलेला असतो. आमच्या नोंदणीत हा घोळ रोजचा. मृत्यूच्या दाखल्यावर "हाडाचा कॅन्सर" लिहितात आणि आमची माणसं मूळ शोधत दवाखाने पालथे घालतात. मोठ्यांमध्ये हाडापाशीच सुरू होणारा म्हणजे कूर्चेचा, कॉन्ड्रोसार्कोमा. चाळिशीनंतर, मांडीत, दंडात, कंबरेत, मुंगीच्या पावलाने वाढणारा. त्याला केमो फारशी लागू पडत नाही, नीट कापून काढणं हाच उपाय. आणि पोरांमध्ये दुसरा एक असतो, युईंग. तो ताप घेऊन येतो, म्हणून हाडात पू झाला समजून अँटिबायोटिक चालू राहतात. झालं, एवढं पुरे. तुला काही परीक्षा द्यायची नाही.

आता समज, एक्स-रेत काहीतरी दिसलं. देव न करो, पण समज. तर पुढची पायरी तुकडा तपासायची, आणि इथे तू आडवी पडलीस तरी चालेल. तुकडा जिथे पुढे शस्त्रक्रिया होणार तिथेच काढायचा. "इथेच काढून घेऊ, रिपोर्ट घेऊन मुंबईला जा" म्हणणारा भला माणूस तिथे भेटेलच. ऐकायचं नाही. सुई ज्या वाटेने आत जाते ती वाटही पुढे गाठीबरोबर कापून काढावी लागते. वाट भलतीकडून केली तर वाचणारा पाय जातो. हेही मी कागदांवर वाचलंय, एकदा नाही. उलट गावात म्हणतात सुई लावली की पसरतो, तेही खोटं. योग्य हाताने, योग्य जागी लावली तर नाही पसरत, आणि सुईशिवाय उपचारच सुरू होत नाहीत. मग छातीचं सीटी स्कॅन, कारण हा आजार पहिल्यांदा फुफ्फुसात जातो. त्या रिपोर्टसाठी थांबलेल्या आयांचे चेहरे बघवत नाहीत.

पूर्वी काय करायचे? पाय कापायचे आणि तरीही पाचातली चार पोरं वर्ष-दोन वर्षांत जायची, कारण पेशी आधीच छातीत जाऊन बसलेल्या असायच्या. १९८६ मध्ये अमेरिकेत एक तुलना छापून आली. नुसत्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी आजार न उलटलेली पोरं होती १७ टक्के, शस्त्रक्रियेला केमो जोडलेल्यांत ६६ टक्के. तेव्हापासून केमोवरचा वादच मिटला. आज वेळेवर, छातीत जायच्या आधी सापडलं आणि उपचार पुरे केले तर दहातली सहा-सात पोरं राहतात. "वेळेवर" आणि "पुरे" या दोन शब्दांवर सगळं अडतं. आधी दोन-तीन महिने केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. वर्षातला बराचसा भाग त्यातच जातो. एक औषध लालभडक असतं, लघवीलाही तो रंग येतो, आया घाबरतात. त्याने केस जातात, परत येतात. एकाने कानाला त्रास होतो. आणि वयात आलेल्या मुलाच्या आईला कुणी सांगत नाही ते तू सांग. केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवायची सोय असते. मुलींसाठीही काय करता येईल ते डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारायचं. लाजेपायी हा प्रश्न राहून जातो आणि वीस वर्षांनी आठवतो.

आणि पाय? जाणत्या ठिकाणी बहुतेकांचा वाचतो. कसा, ते ऐक, मला अजून नवल वाटतं. गाठीचं हाड काढून तिथे धातूचा सांधा बसवतात. आपल्याकडे बनलेले मिळायला लागल्यापासून पुष्कळांच्या आवाक्यात आलेत. कधी हाडाचा तो तुकडाच बाहेर काढतात, निर्जंतुक कापडात गुंडाळून किरणांच्या यंत्राखाली नेतात, त्यातली कॅन्सरची पेशी न् पेशी मारतात, आणि तेच हाड परत आणून जागेवर बसवतात. पोर तिकडे टेबलावर भुलीत, आणि त्याचं हाड इकडे फिरून येतं!

पण दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत मी जो पोरगा पाहिला तो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तिथे अधूनमधून जाते, जुनी पुस्तकं, चादरी घेऊन. टाटाला आलेले पेशंट आणि त्यांची माणसं राहतात तिथे. विदर्भातला दहा-अकरा वर्षांचा पोरगा ओट्यावर बसून पाय हलवत होता. पाय आखूड, मांडीच्या टोकाला थेट पंजा, आणि पंजा उलटा. टाच पुढे, बोटं मागे. माझी नजर अडकली ते त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "मावशी, हा घोटा नाही, हा माझा गुडघा आहे. बघा, वाकवून दाखवतो." गुडघ्याभोवतीचं सगळं काढून, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या तेवढ्या राखून, खालची नडगी उलटी फिरवून मांडीला जोडतात. घोट्याचा सांधा उलटा झाल्यामुळे गुडघ्यासारखा मागे वाकतो. त्यात कृत्रिम पाय अडकवला की पोरं धावतात, सायकल चालवतात. हाड आपलंच, त्यामुळे ते वाढत्या वयाबरोबर वाढतं, पुन्हा पुन्हा ऑपरेशनं नाहीत. त्याची आई मात्र पदर तोंडाला लावून मला हळूच म्हणाली, "आधी मी नाही म्हटलं होतं ताई. उलटा पाय भुताचा असतो म्हणत्यात." पोरगा तोवर कृत्रिम पाय चढवून चेंडू शोधायला गेला होता.

धातूचा सांधा दिसायला छान, पँटीत कळतही नाही. पण त्याने उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही. शहरातल्या पोराला चालेल. ज्याला शेतात खुरपायला बसायचंय, परसाकडेला उकिडवं बसायचंय, त्याच्या घरच्यांनी हे आधी विचारायला हवं. उघडपणे, सगळ्यांनी बसून. कुठला पाय चांगला याचं उत्तर मुंबईत एक आणि तुमच्याकडे परांड्यात दुसरं असू शकतं.

मुलींचं वेगळंच असतं, आणि इथे मला राग येतो. हा आजार मुलांना थोडा जास्त होतो, तो निसर्ग. पण उपचारांच्या रांगेत मुली त्याहून कमी दिसतात, आणि देशातल्या मोठ्या केंद्रांच्या आकड्यांतूनही पोरांच्या कॅन्सरबद्दल हेच निघालंय. उरलेल्या मुली कुठे गेल्या? माझ्या टेबलावर त्यांचा कागदच येत नाही, म्हणून मी त्यांना मोजूही शकत नाही. "पाय कापलेल्या पोरीला कोण करील" हे वाक्य मी धर्मशाळेत ऐकलंय, बापाच्या तोंडून, आणि तो बाप वाईट नव्हता, तीन एकर विकून आला होता. तुझी पोर मुलगी आहे म्हणून हे आत्ताच सांगते. घरचे तिच्या एक्स-रेला "पाळीनंतर बघू, सुगी झाल्यावर बघू" म्हणाले तर तू स्वतः घेऊन जा. एका दिवसाची रजा टाक.

पैशाचं म्हणशील तर शिधापत्रिका, आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आधी जायचं, उपचारांचा मोठा भाग त्यात बसतो. रेल्वेत आणि एसटीत कॅन्सर पेशंटला सवलत असते, दवाखान्याचा दाखला लागतो. मुक्कामाला दादरची ही धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती, आणि लहान पोरांसाठी सेंट ज्यूडची घरं. तिथे आई-बाप-पोर एकत्र राहतात, स्वतः रांधतात, पैसे लागत नाहीत. तरीही घर मोडतं. आई मुंबईत, बाप रोजावर, धाकटं भावंड आजीकडे. त्या धाकट्याची शाळा सुटते. आजार एकाला आणि हजेरीपटावर खाडे दोघांचे, हे तुझ्याशिवाय कोण बघणार? आजारी पोराचं नाव कमी करू नकोस. परीक्षेला लेखनिक, जास्तीचा वेळ मिळतो. बरं झालेल्याला अपंगत्वाचं कार्ड काढून दे, ४० टक्के किंवा जास्त असलं की शिक्षणात, नोकरीत राखीव जागा आहेत. त्या मोबाईलवाल्याचं कार्ड काढायला मी दोन वर्षं हेलपाटे घातले. प्रायश्चित्त म्हण.

आणि "माझ्या बोलण्याने काय होणार ताई" असं म्हणू नकोस. तू ज्या पट्ट्यात शिकवतेस तिथलीच गोष्ट आहे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा, भूम इथल्या खेड्यांसाठी कॅन्सर नोंदणी सुरू झाली, ग्रामीण भागातली देशातली पहिली. शहरासारखं दवाखान्यात बसून चालणार नव्हतं, खेड्यातली माणसं दवाखान्यात येतच नव्हती. मग त्यांची माणसं गावोगाव फिरली, पारावर बसली, बायकांशी अंगणात बोलली, कुठली लक्षणं दिसली तर दाखवा म्हणाली, दवाखान्यापर्यंत घेऊन आली. काही वर्षांनी बघतात तर गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या पायरीवर सापडायला लागला होता. यंत्र नाही, मोहीम नाही, नुसत्या बोलण्याने. आपल्या आईलाही त्यातलीच एक बाई येऊन भेटली होती. आईने तिला चहा दिला आणि "बरं" म्हणाली. तुझं "बरं" तिच्याकडूनच आलंय.

तर उद्या पोरीला विचार, आणि परवा एक्स-रे. फिल्म मिळाली की लगेच मला फोटो पाठव. मी डॉक्टर नाही, पण ओळखीच्या डॉक्टरांना दाखवीन. फोटो काढताना फिल्म ट्यूबलाइटखाली धरू नकोस, चमक येते. खिडकीच्या काचेवर लाव, मागे आभाळ येईल अशी, आणि दोन्ही फिल्म वेगवेगळ्या काढ. कोपऱ्यात डावा-उजवा लिहिलेलं असतं, ते कापलं जाणार नाही एवढं बघ.